पुडीवरचा भरवसा

सुकदेव बोरसे यांना दमा आहे, ही गोष्ट सुरतेत गोडादऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत कित्येक वर्षं कुणालाच ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती एकट्या भागीरथीबाईंना, त्यांच्या बायकोला. आणि त्यांना ती कुणाजवळ बोलायची मुभा नव्हती.

सोसायटीत त्यांना सगळे फौजीनाना म्हणत. अमळनेरजवळ बोरी नदीच्या काठी त्यांचं गाव. एकोणिसाव्या वर्षी ते सैन्यात भरती झाले आणि ड्रायव्हर झाले. नोकरीतली अर्धीअधिक वर्षं लडाखच्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात गेली. एकामागे एक गाड्यांची रांग घाट चढायची आणि पुढच्या गाडीचा धूर मागच्या ड्रायव्हरच्या छातीत जायचा. मुक्कामाला पत्र्याची खोली, दारं-खिडक्या गच्च बंद, आणि मधोमध रॉकेलची शेगडी. सकाळी थुंकी काळी पडायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे. जिवंत आहोत, हात-पाय शाबूत आहेत, एवढं पुरे होतं.

नाईक म्हणून निवृत्त झाल्यावर ते सुरतेला आले, कारण थोरला भाऊ उधन्याला कापडाच्या लूमवर होता. पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या गेटवर त्यांना सिक्युरिटीचं काम मिळालं. कडक इस्त्रीचा शर्ट, ताठ मान, येणाऱ्या प्रत्येक टेम्पोची नोंद. पगारापेक्षा त्यांना गेटवरचा मान मोलाचा वाटायचा. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा धाप लागली, ती पावसाळ्यात. मग थंडीत. मग कोळशाचा आणि रंगाचा वास खाली बसला की केव्हाही.

गावात त्यांचे एक चुलते दमेकरी होते. ते दिवसभर ओट्यावर बसून खोकायचे, आणि घरातली माणसं त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल बोलायची, जणू तिथे कुणी बसलेलंच नाही. सुकदेवनानांच्या मनात दमा म्हणजे ते चुलते. म्हणून त्यांनी डॉक्टरांकडून पंप लिहून आणला खरा, पण तो ते मिलच्या बाथरूममध्ये जाऊन ओढायचे, तेही अगदीच जीव कासावीस झाला तर. मुलगी योगिता सासरहून आली की तिच्या समोरसुद्धा पंप निघत नसे.

अडीचेक वर्षांपूर्वी माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमधून त्यांना फोन आला. वजन जास्त असलेल्या आणि दमा असलेल्या माजी सैनिकांवर एका नव्या उपचाराची तपासणी, म्हणजे चाचणी, होणार होती. ती करणाऱ्या डॉक्टर अनुजा सबनीस सुरतेतल्याच एका मोठ्या रुग्णालयात छातीचे विकार बघत. चाळिशीच्या असतील, बोलणं सावकाश, आणि मराठी पुण्याकडचं.

"नाना, टरबूज खाता ना?" त्यांनी पहिलाच प्रश्न हा विचारला.

"बोरीच्या पात्रात आमच्याच वाड्या होत्या टरबुजाच्या," नाना म्हणाले.

"त्यात सिट्रुलिन नावाचा एक पदार्थ असतो. अमिनो आम्लांच्या कुळातला. आपलं शरीर श्वासनळ्या सैल ठेवायला एक वायू स्वतःच तयार करतं. दमा असलेल्या जाड माणसांमध्ये तो कमी पडतो, असं वाटतं. हा पदार्थ पुडीतून दिला तर तो वाढतो का आणि दम्याला उतार पडतो का, हे बघायचंय."

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे नक्की माहीत नाही. माहीत असतं तर तुम्हाला बोलावलंच नसतं."

हे उत्तर नानांना आवडलं. डॉक्टरने 'माहीत नाही' म्हटलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग डॉक्टरांनी बाकीचं समजावलं. निम्म्या लोकांना खरी पुडी मिळणार, निम्म्यांना दिसायला आणि चवीला तशीच, पण साधी. कुणाला कोणती, हे घेणाऱ्याला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. "आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा," त्या म्हणाल्या, "पुडी पंपाच्या जोडीला आहे, पंपाच्या जागी नाही. पंप सकाळ-संध्याकाळ चालूच राहणार."

नाना तयार झाले आणि त्यांनी भिकन सैंदाणेलाही तयार केलं. भिकन लिंबायतला राहायचा. तो पायदळातला, नानांपेक्षा दोन वर्षांनी लहान, अंगाने दुप्पट, आणि हसला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा. पॉलिक्लिनिकच्या रांगेत दोघांची ओळख झाली होती, आणि दोघंही खान्देशचे म्हटल्यावर ती लगेच मैत्री झाली. आपल्याला दमा आहे, हे नानांनी घराबाहेर ज्याला सांगितलं असा तो एकटाच माणूस. भिकनला मात्र त्याची कसलीच लाज नव्हती. तो चौकात उभा राहून पंप ओढायचा आणि "फौजीले फौजीना दारूगोळा लागस," असं म्हणून हसायचा.

तपासणी सुरू झाली. पहिल्याच भेटीत नर्सने दोघांना पंप पुन्हा शिकवला, कारण दोघंही तो चुकीचाच ओढत होते. औषध जिभेवर बसायचं आणि छाती कोरडी राहायची. आता आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग पंप दाबत सावकाश आत ओढायचा, मग थांबायचं. त्यानंतर दर महिन्याला रुग्णालयात जायचं, नळीत फुंकायचं आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. रात्री जाग येते का? जिना चढताना थांबावं लागतं का? छातीत शिट्टी वाजते का?

"ठीक आहे," नाना प्रत्येक प्रश्नाला म्हणायचे. "एकदम ठीक."

दुसऱ्या महिन्यात भागीरथीबाई सोबत होत्या. तीन प्रश्न त्यांनी गप्प बसून ऐकले. चौथ्याला त्यांच्याने राहवलं नाही.

"खोटं काबरं बोलतस तुम्ही?" त्या अहिराणीत म्हणाल्या. "राती भितडाले टेकीसन कोन बसस मंग? मी का?"

नानांचे कान लाल झाले. नर्स खाली बघू लागली. डॉक्टर अनुजा उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची नानांच्या जवळ ओढली.

"नाना, सैन्यात साहेब विचारतात तेव्हा काय म्हणायचं?"

"ठीक हूँ साहब."

"मी साहेब नाही. तुम्ही ठीक म्हणालात की मी ठीक लिहिते. मग उद्या ही पुडी उपयोगाची ठरली किंवा बिनकामाची ठरली, तरी ते तुमच्या ठीकवरून ठरेल. तुमच्यानंतर जे येतील ते त्यावर विसंबतील."

नानांनी भागीरथीबाईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "आठवड्यातून चारदा बसतो. भिंतीला टेकून." आणि एकदा ते बोलल्यावर बाकीचंही निघालं: मिलचं बाथरूम, गेटवर लपवलेली धाप, जिन्यावर फोन आल्याचं सोंग करून थांबणं. भागीरथीबाईंना यातलं बरंचसं पहिल्यांदाच कळत होतं. परतताना रिक्षात त्यांनी नानांचा हात हातात धरून ठेवला, जो त्यांनी चारचौघांत कधी धरला नव्हता.

नानांची तब्येत तेव्हा थोडी सुधारली होती. भिकनची मात्र फार. चौथ्या महिन्यात एका रविवारी सकाळी तो नानांच्या घरी आला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एरवी तो दर मजल्यावर कठडा धरून उभा राहायचा. त्या दिवशी सरळ वर आला आणि दारात उभा राहून दोन्ही हात पसरून म्हणाला, "सुकदेव, मना दमा गया रे भो!"

चहा होईपर्यंत तो त्याच आनंदात बोलत होता. खरी पुडी त्यालाच मिळाली आहे, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. मग भागीरथीबाई आत गेल्यावर तो जवळ सरकला.

"पंप सोडला मी. तीन आठवडे झाले."

"डॉक्टरला सांगितलं?"

"सांगितलं तर काढून टाकतील मला. पुडी बंद होईल. तू बोलू नको कुठे."

"भिकन, पंप सोडायचा नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"ते ज्याला साधी पुडी आहे त्याच्यासाठी. माझं बघ ना, आहे का काही आवाज?" त्याने मोठ्याने श्वास घेऊन दाखवला. खरंच आवाज नव्हता.

तो गेल्यावर नानांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी त्यांनी भागीरथीबाईंना सगळं सांगितलं. सोबत्याने भरवशाने सांगितलेलं वर जाऊन बोलायचं, हे सैन्यात सगळ्यात हलकं काम. त्यांनी ते कधी केलं नव्हतं.

भागीरथीबाई भांडी घासत होत्या. त्यांनी मागे न वळता विचारलं, "घाटात पुढच्या गाडीचं चाक ढिलं दिसलं तर तुम्ही काय करायचे?"

"हॉर्न मारायचो."

"मंग?"

नानांनी आधी भिकनलाच पुन्हा फोन केला. तो हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, तेव्हा तो चिडला. तिसऱ्या दिवशी नानांनी डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर अनुजांनी भिकनला बोलावलं आणि तासभर समजावलं. पंप बंद केलेल्या माणसाला तपासणीत ठेवणं नियमात बसत नव्हतं, म्हणून पुडी थांबली. पण तपासायला येत राहा, पंप पुन्हा सुरू करा, तुमची काळजी मी घेईन, असं त्या परत परत म्हणाल्या. भिकनने फक्त एक विचारलं, "कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

संध्याकाळी तो मिलच्या गेटवर आला. टेम्पोवाले, हमाल, सगळ्यांच्या समोर तो म्हणाला, "फौजी होऊन मुखबिरी केली तू." नाना ताठ उभे राहिले. भिकन वळला आणि चालायला लागला. त्यानंतर नानांनी केलेला एकही फोन त्याने उचलला नाही. पॉलिक्लिनिकमध्ये दिसले तर तो दुसऱ्या बाकावर बसायचा. पुढे तिथेही येईनासा झाला.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सुरतेत माणूस घरात सापडत नाही. सगळं शहर गच्चीवर असतं. भिकनही लिंबायतच्या आपल्या गच्चीवर मुलासोबत, चेतनसोबत, पतंग उडवत होता. सकाळचं धुकं आणि धूर अजून विरला नव्हता. दहाच्या सुमारास त्याला खोकला लागला. त्याने हाताने 'काही नाही' अशी खूण केली आणि टाकीला टेकून बसला. चारी बाजूंना लाउडस्पीकर इतके मोठे होते की त्याच्या छातीचा आवाज शेजारी उभ्या असलेल्यालाही ऐकू आला नसता. जयश्री, त्याची बायको, तिळाचे लाडू घेऊन वर आली, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. ती पंप आणायला खाली धावली. पंप देव्हाऱ्यामागे सापडला. तो रिकामा होता. अॅम्ब्युलन्स आली, पण रुग्णालयात पोचेपर्यंत भिकन राहिला नाही.

नानांना चेतनचा फोन आला. ते अश्विनीकुमार स्मशानात गेले आणि मागे उभे राहिले. खांदा द्यायला पुढे व्हावं की नाही, हे त्यांना कळेना. तोवर तिरडी पुढे निघून गेली.

तपासणीत घेतलेला माणूस गेला म्हटल्यावर रुग्णालयाबाहेरची एक समिती चौकशीला बसली. काही आठवडे कुणालाही पुडी मिळाली नाही. समितीने नानांनाही बोलावलं. त्यांनी जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. भिकन पंप सोडून किती दिवस झाले म्हणाला, आपण त्याला काय म्हणालो, डॉक्टरांना कधी सांगितलं, सगळं. समितीतल्या एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, तुम्ही बरोबर केलंत?"

"मला माहीत नाही," नाना म्हणाले. "मी बोललो नसतो तर तो दर महिन्याला इथे येत राहिला असता. कदाचित तुमच्याच कुणाला नळीत फुंकताना कळलं असतं. मी बोललो आणि तो घरी बसला. हेही खरं आहे."

समितीने पुडीत किंवा तपासणीत दोष नसल्याचं ठरवलं आणि काम पुन्हा सुरू झालं. डॉक्टर अनुजांनी प्रत्येकाला विचारलं, राहायचंय की जायचंय? कुणालाही आग्रह केला नाही. नानांना विचारताना त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. नाना म्हणाले, "अर्ध्या घाटातून गाडी वळत नाही, ताई." ते राहिले.

तेराव्यानंतर महिन्याभराने जयश्री नानांच्या घरी आली. भागीरथीबाईंनी पाणी दिलं, ते तिने तसंच बाजूला ठेवलं.

"लोकं म्हणतात पुडीने मारलं," ती म्हणाली. "त्यात काय होतं ते मला कळायला पाहिजे. तुम्ही नेलं होतं त्यांना तिथे, भाऊ. आता मला न्या."

नाना तिला घेऊन गेले. माणूस गेला असल्यामुळे भिकनची पुडी कोणती, हे उघड करायला समितीने परवानगी दिली होती. डॉक्टरांनी जयश्रीला आपल्या शेजारी बसवलं.

"जयश्रीताई, त्यांची पुडी साधी होती. मक्याचं पीठ आणि चवीला थोडं आंबट. त्यात औषध नव्हतं आणि अपायकारकही काही नव्हतं."

जयश्री त्यांच्याकडे बघत राहिली. "असं कसं? ते बरे झाले होते. जिना चढायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"झाले होते," डॉक्टर म्हणाल्या. "खरंच झाले होते. इथे आल्यावर पंप नीट ओढायला शिकले आणि तीन महिने रोज वेळेवर ओढला. इतकी वर्षं पंप होता, पण औषध छातीत पोचतच नव्हतं. ते पंपाने बरे झाले, ताई. आणि त्यांना वाटलं, पुडीने."

मग जयश्री रडायला लागली, घरी रडली नव्हती इतकी. नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. परतताना रिक्षात ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही सांगितल्यावर त्यांनी पंप पुन्हा घेतला होता. पंधरा-वीस दिवस. माझ्या समोर नाही घ्यायचे, पण घ्यायचे. संपल्यावर दुसरा आणला नाही. मी म्हटलं, सुकदेवभाऊंना फोन करा. तर म्हणाले, उत्तरायण होऊ दे, मग बघू."

भिकन खरंच फोन करणार होता की नुसतं बोलला होता, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. नानांनी रस्त्याकडे बघत मान हलवली.

त्या उन्हाळ्यात तपासणी संपली. नानांची पुडी खरी निघाली. त्यांच्या श्वासातला तो वायू थोडा वाढला होता आणि रात्रीचं बसणं आठवड्यातून एकदावर आलं होतं. पण त्यातलं किती पुडीचं आणि किती पंपाचं, हे एका माणसावरून ठरत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. सगळ्यांचा मिळून हिशेब असा निघाला, की काही जणांना थोडा फायदा दिसतो, पण ठाम सांगण्याइतका नाही. आणखी मोठी तपासणी करावी लागेल.

"म्हणजे अजून माहीत नाही," नाना म्हणाले.

"थोडं जास्त माहीत आहे. पण हो, अजून नाही."

नानांनी मिलच्या मॅनेजरला आपण होऊन दमा असल्याचं सांगितलं. त्यांना भीती होती तसंच झालं. दोन महिन्यांत गेटवर दुसरा, तरुण माणूस आला. पण त्याचं दुःख त्यांना वाटलं होतं तेवढं टिकलं नाही. आता ते एका शाळेच्या फाटकावर असतात, अर्धा दिवस. तिथे धूर नाही.

मंगळवारी ते पॉलिक्लिनिकला जातात. माजी सैनिकांची रांग लागलेली असते. त्यात कुणी छातीवर हात ठेवून बसलेला दिसला की नाना त्याच्या शेजारी जाऊन बसतात आणि आधी स्वतःचा पंप खिशातून काढतात. सगळ्यांच्या देखत ओढून दाखवतात. श्वास सोडा, मग सावकाश आत घ्या, मग थांबा. काही जण हसण्यावारी नेतात. मग नाना त्यांना भिकनचं सांगतात. नाव घेऊन, काही न लपवता, आपला भागही. परवा एक रिटायर सुभेदार म्हणाले, "नाना, मला असलं काही नाही. मी ठणठणीत." नाना त्यांच्याजवळ तासभर बसले. सुभेदारांनी पंप दाखवला तो निघताना, दाराजवळ, मूठ किंचित उघडून.

भिकनच्या वर्षश्राद्धाला जयश्रीने नाना आणि भागीरथीबाईंना बोलावलं. नाना जाताना कचरत होते. भिकनचे गावाकडचे भाऊबंद आले होते, आणि त्यांच्यातल्या काहींच्या मनात पुडीची गोष्ट अजून तशीच होती. नाना सगळ्यात कडेला बसले. पानं मांडून झाली, पण भिकनच्या थोरल्या भावाच्या शेजारचा पाट रिकामाच होता. जयश्री वरणाचं पातेलं घेऊन उभी राहिली.

"सुकदेवभाऊ, तिथे नाही. इकडे या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

थोरल्या भावाने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग नानांकडे. आणि थोडं सरकून त्याने जागा केली. नाना उठले, तिथे जाऊन बसले. जयश्रीने त्यांच्या पानात बट्टी कुस्करून वरण वाढलं, वर तूप घातलं, आणि ती पुढच्या पानाकडे गेली.